सुकवारोच्या नावाची काच

भिलाईत जुनवानीच्या पलीकडे अजून धानाची शेतं शिल्लक आहेत. रविवारी सकाळी वैशाली नगरातून स्कूटर काढून मी कधीमधी त्या बाजूला जातो. श्रावण लागला की जाणं बंद करतो. श्रावणात तिथे बियासी चालते. पेरलेलं धान वीतभर वर आलं आणि बांधीत पाणी साचलं की उभ्या पिकातून नांगर फिरवतात. नवख्याला वाटावं, ही माणसं स्वतःचंच पीक मोडून राहिली आहेत. रोपं आडवी होतात, चिखलात दबतात, आणि आठवड्याभरात पहिल्यापेक्षा दाट उभी राहतात. त्या ढवळलेल्या चिखलाचा एक वास असतो. दुसऱ्या कोणाला तो बरा वाटत असेल. मला तो आला की हाताची बोटं गार पडतात. या वर्षी चुकून गेलो, आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. दारात बायकोनं विचारलं, "इतक्या लवकर? दूध नाही आणलं?" मी म्हटलं, पाऊस होता. पाऊस नव्हता.

असं छोटं छोटं खोटं मी सहज बोलतो. मोठं एकदाच बोललो आहे, आणि ते वीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, होते. भंडाऱ्याकडची दोन एकर धानाची शेती भावाच्या हवाली करून भिलाईला आलेले, रुआबांध्याला दोन खोल्यांत राहणारे. प्लांटच्या भरतीत माझा नंबर लागला नव्हता. एका संस्थेत खेड्यांसाठी आरोग्य कार्यकर्ते तयार करत होते. चार महिन्यांचं प्रशिक्षण, मग नेमणूक. बाबांनी कोणाकडून तरी अर्ज आणला.

"मले रक्त पाहून चक्कर येते, बाबा."

"मले का भट्टी पाहून येत नव्हती? पयल्या दिवशी उलटी झाली होती मले. मंग? घरी पळून आलो का मी?"

आईनं मध्ये तोंड घातलं, "पोराले भेव वाटून राहिलं तं कावून पाठवता?"

"भेव कोनाले नाही वाटत? काम करता करता जाते ते."

बाबांचं गेलं असेल. माझं गेलं नाही.

दल्ली-राजहराच्या खाणीतून लाल माती भरलेल्या वाघिणी भिलाईकडे यायच्या, आणि मी त्याच रुळांवरून उलट्या दिशेनं गेलो. खिडकीच्या गजाला हात लावला की तळवा लाल व्हायचा. बालोदच्या पुढे उतरून बैलगाडीच्या वाटेनं आमचं केंद्र होतं. एक कौलारू हॉल, त्यात आम्ही नऊ जण, आणि आम्हाला शिकवायला मेश्रामबाई. बाई मूळच्या गोंदियाच्या. नर्स म्हणून सारी उमर या खेड्यांत गेलेली, पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या, आणि मराठीत बोलायच्या म्हणूनच माझी खरडपट्टी इतरांपेक्षा जास्त निघायची.

आम्ही नाळ कापायचं पातं उकळायला शिकलो, विहिरीत किती पावडर टाकायची ते शिकलो, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते शिकलो. आणि ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून त्याचं रक्त काचेच्या पट्टीवर घ्यायला शिकलो. त्या पट्टीला सगळे स्लाइड म्हणत. बाई नुसतं काच म्हणायच्या. एक जाड थेंब, शेजारी एक थेंब दुसऱ्या काचेनं ओढून पातळ केलेला, पेन्सिलीनं नंबर, फॉर्मवर नाव. मग काच तपासायला जायची. दहाएक दिवसांनी कळायचं, हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत. जिथे निघतील तिथे पूर्ण औषध आणि फवारणी.

दुसऱ्याच्या बोटात सुई घालायची वेळ आली की माझा हात थरथरायचा.

"का गा, सुई कोनाले टोचून राहिली? तुले का त्याले?" बाई म्हणायच्या. "डोये उघडे ठेव. डोये मिटून टोचशील तं आपल्याच बोटात जाईन."

सगळे हसायचे. मीही हसायचो.

मला एक गाव दिलं होतं. नाव लिहीत नाही. तिथली माणसं आहेत अजून. वाटेत एक नाला होता. पावसाळ्यात तो कमरेपर्यंत यायचा, आणि वर डोंगरात पाऊस झाला तर ऊन पडलेलं असतानाही अचानक चढायचा. पाण्यात पाय टाकताना मी मागे वळून पाहायचो आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा मागे वळून पाहायचो, की आता परत कसं जायचं. सापाची भीती होती. कुत्र्यांची होती. गावच्या बैगाची, म्हणजे पूजा-झाडफूक करणाऱ्या म्हाताऱ्याची होती, जरी तो मला पाहून एक शब्दही बोलला नव्हता. भाषेची तर होतीच. गावात शिरताच पहिलं घर दुकालूचं. त्याची बायको सुकवारो माझ्याच वयाची असेल. पहिल्या दिवशी मी माझ्या शहरी हिंदीत भाषण केलं, उबला हुआ पानी पीजिए वगैरे. ती दारात उभी राहून ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "तोर हिंदी ला सुनके मोर बइला घलो हाँसथे, बाबू." तुझी हिंदी ऐकून माझा बैलही हसतो. आणि तिनं लोटाभर पाणी आणून दिलं, न उकळलेलं. मी ते प्यालो. त्या गावात मला भीती न वाटलेलं ते एकच माणूस.

श्रावण लागला आणि तापाची साथ आली. पंधरा दिवसांनी एक फेरी असायची. बुधवारी मी गेलो तर गाव रिकामं. सगळे बियासीला. एक म्हातारी आणि कोंबड्या. शेतात जाऊन लोकांना चिखलातून बाहेर बोलवायचं धाडस झालं नाही, रिकाम्या हातानं परतलो. बाई म्हणाल्या, "ताप आहे मनतात त्या गावात, अन् तू एकही काच नाही आणली? फिरायले गेलता का?"

मग मला एक हुशारीची गोष्ट सुचली. बाईंनी कधीतरी सांगितलं होतं की श्रावणात हे लोक इतवारी पाळतात, रविवारी नांगर धरत नाहीत. मी प्लांटच्या गावात वाढलेला. काम बंद म्हणजे मला एकच गोष्ट ठाऊक होती, वीकली ऑफ. सगळे घरी सापडतील. रविवारी सकाळी काचांचा डबा आणि गोळ्या घेऊन मी निघालो, आणि वाटेत स्वतःवर खूश होतो.

गावाच्या शिवेवर पोचलो आणि थांबलो. वाटेच्या मधोमध जमिनीत एक खुंटी ठोकलेली, तिला शेंदूर, फुटलेला नारळ, कडुलिंबाच्या लाकडाची वीतभर गाडी. पलीकडे घराघरांच्या भिंतींवर शेणानं काढलेल्या काळपट हात-पाय असलेल्या आकृत्या, ओळीनं, सगळ्या माझ्याकडे तोंड करून. त्या दिवशी 'सवनाही' नावाचा विधीही होता. रोगराई आत येऊ नये म्हणून बैगानं गाव बांधलं होतं. ते बांधलेलं असताना बाहेरचं कोणी आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. वाटेपासून शंभर पावलांवर पाच-सहा पुरुष बसलेले होते, बैगा त्यांच्यात होता. एकानं हात वर करून ओरडून सांगितलं, "आज इतवारी ए बाबू! भीतरी झन आबे!" आत येऊ नको.

पुढची वीस वर्षं मी ही गोष्ट एवढीच सांगत आलो. आता मी प्लांटच्या एका ऑफिसात कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी खेड्यांचा विषय काढतो आणि मी सांगतो, अरे, मी तर औषध घेऊन दारात उभा होतो, गाववाल्यांनीच आत येऊ दिलं नाही, अंधश्रद्धा. माना हलतात. एकदा तर एकजण म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार होते?" त्या वाक्यानं मला इतकं बरं वाटलं की ती गोष्ट मी त्याला पुन्हा महिन्याभरानं सांगितली.

पुढचं कधी सांगितलं नाही. पुढचं असं आहे.

सुकवारो घरातून बाहेर आली. अंगावर जुनी कथरी, म्हणजे गोधडी, त्या उकाड्यात. सहावा महिना होता तिला, दिसत होता. ती खुंटीच्या पलीकडे, म्हणजे तिच्या बाजूला, येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. "छै झन ला जर धरे हे," ती म्हणाली आणि ताप आलेल्या सहा जणांची नावं सांगितली. मी लिहून घेतली. सहावं नाव तिचं स्वतःचं. मग तिनं कथरीतून डावा हात काढला आणि खुंटीवरून माझ्याकडे लांब केला.

"ले, मोर अँगरी ला कोंच ले. हाथ तो बाहिर हे न."

घे, माझं बोट टोच. हात तर बाहेर आहे ना. तापानं फणफणलेली ती बाई नियमातून वाट काढत होती. ती आत, मी बाहेर, आणि तिचं बोट माझ्यासमोर. माझ्याकडे सुई होती, स्पिरिट होतं, काच होती. एक मिनिटाचं काम.

मी पुरुषांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाहत होते. माझ्या डोक्यात आलं, रक्ताचा थेंब या खुंटीवर पडला तर? उद्या गावात कोणी मेलं तर म्हणतील, बाबूनं शिवेवर रक्त सांडलं. मागे नाल्याचा आवाज येत होता, तो मला वाढल्यासारखा वाटला. माझा हात डब्यावरच राहिला. मी म्हटलं, "अगली बार. अगली बार पक्का."

तिनं हात तसाच धरून ठेवला थोडा वेळ. मग कथरीत घेतला.

पुरुषांपैकी कोणीही उठलं नव्हतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

नाल्याच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली बसलो. बाईंचा आवाज कानात होता, फिरायले गेलता का? नावं वहीत होती, काचा डब्यात होत्या. मी स्वतःच्या डाव्या हाताचं बोट टोचलं. गंमत अशी की हात जराही कापला नाही. दोन बोटांतून सहा काचा झाल्या. सहा नंबर, सहा नावं. प्रत्येक तापाच्या माणसाला चार गोळ्या आपल्यासमोर खायला घालायच्या, असा नियम होता. फॉर्मवर 'दिल्या' लिहिलं, आणि हिशेब जुळावा म्हणून चोवीस गोळ्या मोजून नाल्यात टाकल्या. पांढऱ्या गोळ्या गढूळ पाण्यात लगेच दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी बाईंनी काचा उजेडात धरून पाहिल्या.

"अरे वा! शिकला गा तू! पाहा रे, अशी काच ओढाची. कापरं नाही, गुठळी नाही." बाकीच्या आठही जणांना त्यांनी माझ्या काचा दाखवल्या. मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "बोटाले का झालं?"

"बाभळीचा काटा, बाई."

"दोन बोटाईले?"

मी हात पाठीमागे घेतला. त्यांनी काचा कागदात गुंडाळल्या.

अकरा दिवस गेले. रिपोर्ट आला, सहाही साफ. बाई म्हणाल्या, "वाचलं तुयं गाव. साधा ताप आहे." आणि ज्या गावांत पूर्ण औषध न्यायचं त्यांच्या यादीत त्यांनी ते गाव घातलं नाही. यादी त्या माझ्यासमोर लिहीत होत्या. मी शेजारी बसून त्यांना कार्बन कागद लावून देत होतो.

दोन दिवसांनी दुपारी दुकालूची बैलगाडी केंद्राच्या दारात उभी राहिली. तणसावर सुकवारो. डोळे अर्धे उघडे, ओळख नाही, दात आवळलेले. बाईंनी रजिस्टर काढलं. "काच साफ आहे हिची. गोळ्याही खाल्ल्या आहेत. मंग हे हिवतापाचं नाही, डोक्यात दुसरंच काही गेलं." जीप बोलावली, रिपोर्टचा कागद दुकालूच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "तू तिकडचा आहेस. दुर्गले मोठ्या दवाखान्यात तू जा संग."

जीपमध्ये तिचं डोकं दुकालूच्या मांडीवर होतं. तो एका हातानं तिला धरून होता आणि दुसऱ्या हातात तो कागद, भिजू नये म्हणून छातीशी. वाचता येत नव्हतं त्याला. त्याला एवढंच माहीत होतं की हा सरकारी कागद आहे आणि तो डॉक्टरला द्यायचा आहे.

डॉक्टरनं तो पाहिला. "मलेरिया निगेटिव. दवा भी ली है." आणि दुसऱ्या कशाची तरी औषधं लिहायला घेतली. त्याचं पेन चालत होतं. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललो की नेमणूक गेली, बाबांचं तोंड, पोलिससुद्धा असतील. नाही बोललो तर ती जाईल. इतकं स्वच्छ मला आयुष्यात पुन्हा कधी दिसलं नाही. तरी डॉक्टरनं अर्धं पान लिहीपर्यंत मी गप्प होतो.

"सर, स्लाइड एक बार फिर ले लीजिए."

"क्यों?"

"ऐसे ही, सर."

"ऐसे ही?"

"मेरा हाथ हिल गया होगा, सर."

"हाथ हिलने से मलेरिया उड़ जाता है क्या?" तो चिडून म्हणाला. पण काच घ्यायला सांगितलं. तासाभरानं प्रयोगशाळेतून माणूस जवळजवळ धावत आला. काच जंतूंनी भरलेली होती.

सलाईनमधून क्विनाइन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ती बोलली. त्याच्या आदल्या दिवशी पोटातलं मूल गेलं होतं.

वऱ्हांड्यात दुकालूनं माझे पाय धरले. "तैं नइ कहिते त मोर सुकवारो नइ बाँचतिस." तू बोलला नसतास तर ती वाचली नसती. मी त्याला उठवलं. उठवताना मला वाटलं, आता सांगावं. आणि त्याच वेळी वाटलं, आता कशाला.

गावातल्या बाकीच्या पाच जणांना नंतर औषध पोचलं. बाईंनी मला काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. महिन्याभरानं मी घरी निघून आलो. बाबांना सांगितलं, प्रकृती मानवत नाही.

दुकालूनं मला सोडलं नाही. पत्ता शोधत तो त्याच वर्षी कार्तिकात रुआबांध्याला आला, खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. मग दर वर्षी. लग्न झालं, वैशाली नगरात घर झालं, तिथेही आला. "डाक्टर बाबू, नवा चाउर," म्हणून गाठोडं सोडतो. माझ्या बायकोला तो फार आवडतो. ती त्या तांदळाची खीर करते. मी खातो. काय करणार, ताटात असते. आणि श्रावणापासूनच मला तो येणार याची धास्ती सुरू होते, कारण एक गोष्ट दुकालूला माहीत नाही पण मला आणि आणखी एका माणसाला माहीत आहे. सुकवारोचं बोट कोणी टोचलंच नव्हतं. त्या कागदावर तिच्या नावापुढे काय लिहिलं होतं हे तिला कधी ना कधी कळलंच असणार. वीस वर्षांत ती एकदाही त्याच्याबरोबर आली नव्हती.

गेल्या आठवड्यात आली. डोळ्यात मोतीबिंदू, दुर्गला दाखवायचा होता. दोघं आमच्या वऱ्हांड्यात बसली. केस पिकलेत तिचे, माझ्याआधी. बायको चहा ठेवायला आत गेली, दुकालू रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेला. मी आणि ती. बाहेर ऊन होतं, माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "दुकालू दर साल चावल लाता है. इतना क्यों भेजती हो?"

तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. तिला मी किती दिसत होतो, माहीत नाही.

"चाउर वो लानथे, बाबू," ती म्हणाली. "मैं नइ पठोवंव."

तांदूळ तो आणतो, मी नाही पाठवत. आवाजात राग नव्हता. मी विचारलं, "उसको बताया नहीं तुमने?"

"मैं काबर बतावंव? वो तोर गोठ ए."

मी का सांगू? ती तुझी गोष्ट आहे.

दुकालू रिक्षा घेऊन आला. तिला हात धरून बसवलं. जाताना मला म्हणाला, "कातिक म आहूँ, बाबू." मी म्हटलं, "हां, हां. आना."

हे सगळं मी मराठीत लिहून काढलं आहे, आणि लिहिताना जरा हलकं वाटलं हेही कबूल करतो. वाचणारे मला दोष देतील, एखादा क्षमाही करील. पण दुकालूला मराठी येत नाही आणि वाचता तर काहीच येत नाही. त्याला ऐकवायला त्याच्या बोलीतलं एक वाक्य पुरेसं आहे: वो लहू मोर रहिस. ते रक्त माझं होतं. ऑफिसला जाताना हेल्मेटच्या आत मी ते रोज म्हणून पाहतो. स्पष्ट येतं. कार्तिकाला अडीच महिने आहेत.